एकदाच विचारतात

सुपरमार्केटच्या सरकत्या दाराशी परवा पुन्हा ती रताळ्यांची भट्टी लागली. भट्टी कसली, काचेची पेटीच ती. आत काळे गुळगुळीत गोटे आणि त्यांच्यावर निवांत पडलेली रताळी. दार सरकलं की आधी वास येतो आणि मग भाजीपाला दिसतो. जपानातल्या ह्या त्सुकुबात ऑक्टोबर आला हे मला झाडांवरून कळत नाही, ती अजून हिरवीच असतात. ह्या वासावरून कळतं. मी सायकलचं स्टँड लावता लावता थांबलो. मागच्या वर्षीचे ते दोन-अडीच महिने एकदम समोर आले.

आमच्याकडे रताळं म्हणजे उपवास. उकडायचं, सोलायचं, दुधात कुस्करायचं. एरवी कुणी रताळं खाताना दिसलं तर गल्लीत विचारतील, आज काय धरलंय रे? इथे काही धरावं लागत नाही. एखादा सुटातला माणूस कामावरून येतो, चिमट्यानं हलकेच एक रताळं उचलतो, कागदी पिशवीत घालतो, पैसे देतो आणि पार्किंगमध्ये आपल्या गाडीत बसून सालीसकट खातो. काचेवर वाफ धरते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यासाठी इतकी नीट पिशवी, खाली बोटं भाजू नयेत म्हणून दुमडलेला कागद. पण थोडं ओकंबोकंही वाटलं. समोर कुणीच नाही. 'या, घ्या' म्हणायचं कुणाला?

मागच्या वर्षी ह्याच दिवसांत मी एक गोष्ट नको म्हणून बसलो होतो, आणि नेमकी तीच मला सगळ्यात जास्त हवी होती. ती परत मागायला मी ह्या असल्या स्वस्त खाऊवर शिकलो. असं लिहिताना मलाच संकोच वाटतो. पण दुसऱ्या कुठल्या रीतीनं ते सांगता येईल असं वाटत नाही.

मी इथे आलो तो एका वर्षासाठी, 'संशोधक विद्यार्थी' म्हणून. म्हणजे प्रयोगशाळेत बसायला टेबल मिळतं, पण पदवी नाही. पदवी हवी तर हिवाळ्यात मास्टर्सची प्रवेश परीक्षा द्यायची, आणि त्या अर्जाच्याही आधी प्राध्यापकांनी म्हणायचं की हा विद्यार्थी मी घेतो. ते म्हणाले नाहीत तर मार्चमध्ये सामान बांधायचं. आमची प्रयोगशाळा फळं-भाज्या साठवण्यावर काम करते. माझ्याकडे पर्सिमन होती, टोमॅटोसारखी दिसणारी केशरी फळं. ती कोणत्या थंडाव्यात किती टिकतात ते बघायचं. माझे वडील तालुक्याच्या जिनिंग मिलमध्ये गाठी उचलतात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे ह्या पर्सिमनांकडे मी जरा जास्तच आदरानं बघायचो.

प्रयोगशाळेत एक पद्धत आहे. कुणी गावाला जाऊन आलं की खाऊचा खोका आणतं आणि टेबलाटेबलावरून फिरवतं. एकेक बिस्कीट वेगळ्या कागदात, गावाचं चित्र छापलेलं. मी आलो त्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरचा साइतो-सान खोका घेऊन माझ्यासमोर आला.

"सोनवणे-सान, घ्या ना."

"नको, नको. असू दे."

"असं होय," म्हणून तो किंचित वाकला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

खोका सगळ्या खोलीत फिरला. मी मान खाली घालून वहीत बघत होतो, पण कान त्या कागदांच्या चुरचुरीकडे. मला वाटलं, परत येईल. आमच्याकडे परत येतात. आई लहानपणापासून सांगत आली, कुणाकडे गेलं की हात आधी मागे. दिल्यावर नको म्हणायचं. पुन्हा दिल्यावर खरंच नको म्हणायचं. मग त्यांनी वाटीत घातलंच तर खायचं, आणि तेही सगळं संपवायचं नाही. "घरी खायला नाही म्हणून आलेत, असं वाटता कामा नये," ती म्हणायची. ज्यांच्या घरी खरोखर कधीकधी नसायचं, त्यांनी हे जास्तच पाळलं असेल.

साइतो-सान परत आला नाही. पुढच्या खोक्याच्या वेळी त्यानं विचारलं, मी नको म्हटलं. तिसऱ्या खोक्याला तो माझ्या टेबलाशी आला, छान हसला आणि न थांबता पुढे गेला. त्यानंतर दुपारच्या जेवणाला, संध्याकाळच्या नूडल्सना, कशालाच कुणी मला विचारेना. सगळे फार चांगले वागायचे. माझ्यासाठी दार धरून ठेवायचे. पण मी न खाणारा माणूस झालो होतो.

ऑक्टोबरच्या शेवटी प्राध्यापकांनी मला बाहेर कॉरिडॉरमध्ये थांबवलं. त्यांना आम्ही सगळे सेन्सेईच म्हणतो. साठीला आलेले, मूळचे क्योतोचे. माझ्याशी सावकाश इंग्रजीत बोलतात, प्रत्येक शब्द आधी पुसून ठेवल्यासारखा.

"सोनवणे-सान, मार्चनंतर इथे राहून मास्टर्स करायला आवडेल का तुम्हाला?"

ह्याचीच मी वाट बघत होतो. आणि तोंडातून आलं, "नको, सेन्सेई. तुम्हाला उगाच त्रास. आत्तापर्यंत केलंत तेच खूप झालं."

"असं होय," सेन्सेई म्हणाले. मग पर्सिमनांचं तापमान एकदा बघून घ्या म्हणाले, आणि गेले.

सांगायची गोष्ट अशी, की त्या संध्याकाळी मी खूश होतो. सायकलवर गाणं गुणगुणत खोलीवर गेलो. घरी फोन लावला आणि वडिलांना सांगितलं, सेन्सेईंनी विषय काढलाय.

"तू काय म्हणलास?"

"नको म्हटलं. तुम्हाला त्रास, म्हटलं."

"बरं केलंस," वडील म्हणाले. "विचारतील परत."

"हो, विचारतील."

आम्हा दोघांनाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

दिवस गेले. गिंकोची झाडं पिवळी व्हायला लागली, त्यांच्या फळांचा तो उग्र वास सायकलच्या रस्त्यावर पसरला. सेन्सेई रोज भेटत होते, रोज पर्सिमनांची चौकशी करत होते. दुसरं काही नाही.

मारिसेलची ओळख इथे करून द्यायला हवी. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराची, आमच्याच प्रयोगशाळेत माझ्याहून दोन वर्षं पुढे. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात, म्हणून मीही तिला आते मारिसेल म्हणायचो, आणि ती मला हक्कानं झापायची. दिवाळीनंतरच्या रविवारी कल्याणीताईंनी दुपारी फराळाला बोलावलं, तेव्हा मी तिलाही घेऊन गेलो. कल्याणीताई मूळच्या डोंबिवलीच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या, आता स्वतःही एका बालवाडीत काम करतात. त्यांचा सात-आठ वर्षांचा ओजस टेबलाखाली गाड्या लावत बसला होता.

ताईंनी माझ्यापुढे चकल्या धरल्या. मी नको म्हटलं.

"अरे घे रे, घरच्या आहेत."

"नको ताई, खरंच, जेवून आलोय."

"काही जेवून वगैरे आला नाहीस, तोंड बघ केवढंसं झालंय," म्हणत त्यांनी दोन चकल्या, एक करंजी आणि मूठभर चिवडा माझ्या ताटलीत ओतला. मी "बास, बास" म्हणत हात आडवा धरला, पण ताटलीवर नाही, जरा बाजूला. मग सगळं खाल्लं.

"ओजस, चकली?"

"इरानाई," टेबलाखालून आवाज आला. नको आहे.

"एक तरी खा."

"आई, इरानाई म्हटलं ना."

ताईंनी सुस्कारा सोडला. "बघ, ह्यांचं नको म्हणजे नकोच. इथल्या मुलांना काही आग्रह करायची सोय नाही."

मारिसेल हे सगळं एखादा सामना बघावा तसं बघत होती. परतताना तिनं सायकल हातात धरून चालायला सुरुवात केली. तिला काही बोलायचं असलं की ती असं करते.

"तुला ती चकली पहिल्यापासून हवी होती."

"हो."

"मग नको का म्हणालास?"

"लगेच हो कसं म्हणणार?"

ती थांबली. "तू लॅबमध्येही हेच करतोस? आम्हाला वाटलं तुझ्या धर्मात बिस्किटं चालत नाहीत."

मी हसलो. मग हसता हसता मला कॉरिडॉरमधलं ते बोलणं आठवलं आणि मी तिला तेही सांगितलं. तिनं सायकलच्या सीटवर कोपर टेकलं.

"सेन्सेई काय म्हणाले?"

"असं होय म्हणाले."

"आणि तू काय केलंस?"

"वाट बघतोय."

"वेड्या," ती हळूच म्हणाली, "त्यांच्या दृष्टीनं ते बोलणं संपलंय. वर्ष संपायच्या आत अर्जाची मुदत संपेल. तू मार्चमध्ये घरी जायचं ठरवलंयस असं ते सगळ्यांना सांगून बसलेत."

रस्ता नेहमीसारखाच स्वच्छ होता, पानंसुद्धा कडेला झाडून ठेवलेली. मी मनातल्या मनात उरलेले आठवडे मोजले.

"आमच्याकडेही असंच आहे," ती म्हणाली. त्यांच्या देशात कुणी खात बसलं असेल तर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला "काइन तायो" म्हणतं. या, खाऊया. जाणारा म्हणतो, चालू दे तुमचं. कुणी बसणार नाहीये हे दोघांनाही माहीत असतं. "मी इथे पहिल्याच महिन्यात दोनदा उपाशी राहिले आणि शहाणी झाले. तुला शिकवायला लागेल."

"मी उद्याच जाऊन सेन्सेईंना सांगतो."

"काय सांगशील? म्हणून दाखव."

मी तोंड उघडलं. "सेन्सेई, तुम्हाला जमणार असेल, आणि त्रास होणार नसेल, तर..."

"हे हो नाहीये," ती म्हणाली. "हा दुसरा नको आहे."

तेव्हापासून संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघालो की ती मला कुठेतरी खायला न्यायची. नियम एकच. ती एकदाच विचारणार, आणि मी नको म्हटलं तर माझंही तीच खाणार.

पहिला झाला कोरोक्के. स्टेशनच्या मागे एक खाटकाचं दुकान आहे, तिथे काउंटरच्या कडेला बटाट्याचे चपटे गोळे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. मिरची विसरलेला वडाच म्हणा. पण वरचं कवच असं की दातांखाली आधी आवाज येतो आणि मग चव. दुकानातल्या काकू एका बाजूनं उघड्या कागदी पाकिटात तो असा सरकवतात की निम्मा बाहेर, निम्मा आत. हाताला तेल म्हणून लागत नाही. मारिसेलनं दोन घेतले. "घेणार?"

"नको, तू घे," मी म्हणून गेलो.

तिनं दोन्ही खाल्ले. माझ्याकडे बघत, सावकाश. दुसऱ्याच्या शेवटी तिला संपवणं जड जात होतं, तरी संपवला. "तुझा जास्त चांगला होता," म्हणाली.

तायाकीच्या वेळी मी हो म्हटलं, पण अर्धाच, असं जोडलं. तायाकी म्हणजे माशाच्या आकाराची बिडाच्या साच्यात भाजलेली गोड पोळी, पोटात लाल चवळीसारख्या दाण्यांचं पुरण. पुरण शेपटीच्या टोकापर्यंत भरतात. कुणी बघणार नसतं, तरी भरतात. ह्या देशाचं मला जे आवडतं ते बरंचसं त्या शेपटीत आहे. मारिसेलनं मासा मोडला, शेपटी मला दिली. "अर्ध्या होला अर्धा मासा." मी तो उभ्या उभ्या खाल्ला. वेलची नाही, जायफळ नाही, तरी आतून ऊब आली.

पार्किंगमध्ये शुक्रवारी एक ताकोयाकीची गाडी लागते. आमच्या आप्पेपात्रासारखाच तवा, फक्त खळगे जास्त आणि आत ऑक्टोपसचा तुकडा. तो माणूस दोन टोकदार काड्यांनी प्रत्येक गोळा अर्ध्यात फिरवतो, बाहेर सांडलेलं पीठ आत ढकलतो, पुन्हा फिरवतो. हात इतके भरभर चालतात, आणि चेहऱ्यावर मात्र काही घाई नाही. तिथे मी मारिसेलचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं, आणि आख्खा गोळा तोंडात टाकला. आत उकळती खीर. डोळ्यांतून पाणी आलं.

"हो म्हण म्हटलं होतं," ती हसता हसता वाकली, "जीव दे म्हटलं नव्हतं."

खाताना ती तिच्या शहराबद्दल बोलायची. बसस्टँडबाहेरच्या गाड्या, साखरेत तळून काडीला टोचलेली केळी, नारिंगी पिठात तळलेली लावीची अंडी, सगळ्यांनी मिळून बुडवायचं ते व्हिनेगरचं भांडं. मी ते शहर पाहिलेलं नाही, पण आजही कुणी मला तिथे सोडलं तर पहिली गाडी कुठली गाठायची ते मला माहीत आहे. एकदा रताळं सोलताना तिला हसू आलं. त्यांच्याकडे रताळ्याला कामोते म्हणतात. "गणित चुकलं की आमच्या बाई ओरडायच्या, घरी जा आणि कामोते लाव."

"आमचे सर म्हणायचे, म्हशी राखायला जा."

"आणि इथे बघ, कामोतेवर पीएच.डी. करतात."

हो म्हणणं इतकं अवघड का जात होतं, ह्याचा मी त्या दिवसांत पुष्कळ विचार केला. दहावीनंतर शाळेतले शिंदे सर आमच्या घरी आले होते. पोराला अकरावीला शहरात पाठवा, वसतिगृहाचं मी बघतो. वडील म्हणाले, "कशाला सर, तुम्हाला ताप. जिनिंगमध्ये लागेल माझ्याबरोबर." सर चहा घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. वडील पुन्हा तेच म्हणाले. त्यानंतर सर आले ते उंबऱ्यातच उभे राहिले. "चहा नको. दाखले द्या त्याचे," म्हणाले. वडिलांनी पत्र्याची पेटी उघडली. माझं सगळं शिक्षण त्या परत परत येण्यावर उभं आहे. सर पहिल्या नकारावर 'असं होय' म्हणून गेले असते तर? म्हणून मला वाटत आलं असेल, की ज्याला आपण खरोखर हवे असतो तो परत येतोच. आणि सेन्सेई आले नाहीत, म्हणजे मी त्यांना नकोच असणार. खरी भीती ती होती. मुदत बाकी होती. मलाच पाऊल उचलवत नव्हतं.

एकदा मी एकटाच सुपरमार्केटमध्ये गेलो होतो. संध्याकाळी तिथला एक कर्मचारी तयार खाण्याच्या डब्यांवर निम्म्या किमतीचे स्टिकर लावत येतो. त्या आधी सगळी माणसं उगाच लोणची बघतात, दुधाच्या तारखा वाचतात. कुणी वाट बघत नाहीये असं सगळेच दाखवतात. तो पुढे सरकला की हात हळूच पुढे येतात, धक्का नाही, आवाज नाही. मला त्या संकोची गर्दीत फार घरच्यासारखं वाटतं. त्या दिवशी भाज्यांच्या भज्यांचा एकच डबा उरला, आणि माझा आणि एका आजींचा हात एकदमच त्याच्याकडे गेला.

"घ्या, घ्या," आजी म्हणाल्या.

"नको, तुम्ही घ्या."

"अहो तरुण माणसानं खायला पाहिजे."

"नको, खरंच."

त्यांनी डबा उचलला, माझ्या टोपलीत ठेवला, वाकल्या, आणि मी काही म्हणायच्या आत दुसऱ्या रांगेत दिसेनाशा झाल्या. मी डबा घेऊन उभाच. म्हणजे आग्रह इथेही आहे. मग तो माझ्यापर्यंत का येत नव्हता? हे घरी बसून कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सेन्सेईंच्या दारावर टकटक केली. मारिसेलला सांगितलं नव्हतं. खोलीत पुस्तकं, पर्सिमनांचे नमुने, आणि टेबलावर तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा डबा उघडा होता. सेन्सेईंनी चहा ओतला. डब्याकडे बोट केलं आणि काहीशा अपराधीपणानं म्हणाले, "तुम्ही हे खात नसाल."

"खातो," मी म्हणालो. "द्या ना."

त्यांच्या भुवया वर गेल्या. डबा माझ्याकडे सरकला. मी एक चकती घेतली. त्या शांत खोलीत तो कुरकुरीत घास फार मोठ्यानं वाजला. तो संपेपर्यंत ते थांबले.

"सेन्सेई, तुम्ही मास्टर्सचं विचारलं होतं तेव्हा मी नको म्हटलं. मला हवं होतं. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. मी तुम्ही पुन्हा विचारायची वाट बघत होतो."

सेन्सेईंनी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं, उशीर झाला. मग त्यांनी चष्मा काढला.

"क्योतोमध्ये माझी आजी कुणालाही तीनदा विचारायची," ते म्हणाले. "दोनदा नाही म्हणणं हे तर साधं वळण होतं. मला ते चांगलं माहीत आहे." चष्मा पुसत राहिले. "पण तुम्ही परदेशातून आलात. वाटलं, आग्रह केला तर तुम्हाला अवघड होईल. घरची काही अडचण असेल, धर्माचं काही असेल. प्राध्यापकानं दोनदा विचारलं तर विद्यार्थ्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून मी एकदाच विचारलं. साइतो-सानही मला म्हणाला होता, त्यांना बिस्किटांचा त्रास द्यायला नको."

माझ्या लक्षात आलं, इतके महिने ही सगळी माणसं मला जपत होती, आणि मी त्यांना जपत होतो.

"परीक्षा अवघड असते," सेन्सेई म्हणाले. "मी घेतो म्हटलं तरी ती तुम्हालाच द्यावी लागेल."

"हो."

त्यांनी चष्मा लावला आणि खुर्चीत सरळ बसले, जसं पहिल्यांदाच विचारत असावेत. "सोनवणे-सान, मार्चनंतर इथे राहून मास्टर्स करायला आवडेल का तुम्हाला?"

'तुम्हाला त्रास' हे शब्द ओठांपर्यंत आलेच. इतक्या वर्षांची सवय. मी ते चहाबरोबर गिळले.

"हो," मी म्हणालो. "फार आवडेल."

सेन्सेईंनी मान हलवली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग त्यांनी डब्यातून आणखी एक चकती काढली आणि काही न विचारता माझ्या बशीत ठेवली.